बंडलचं जाकीट

मास्तरांकडे काळा कोट शिवायला टाकणाऱ्याला तीन गोष्टींची खात्री असायची. कोट वेळेवर मिळेल, अंगाला चपखल बसेल आणि त्याच्यावर बंडलचे चारदोन पांढरे केस फुकट मिळतील. बंडल हा मास्तरांचा कुत्रा. लहानपणी कापडाच्या ताग्यांमागे मुटकुळं करून झोपायचा, म्हणून मास्तरांच्या मुलीनं त्याचं हे नाव ठेवलं. नाव बंडल असलं तरी माल अस्सल आहे, असं मास्तर गिऱ्हाइकाला ऐकवत आणि ब्रश घेऊन कोट झटकायला लागत.

वर्षातून दोनदा, हवा पालटली की, बंडल अंगावरची लोकर उतरवायला काढी. मग मशीनच्या पायडलखाली पुंजके, इस्त्रीच्या टेबलावर पुंजके आणि एखादा केस मास्तरांच्या चहातसुद्धा. मास्तर त्याला मागच्या दारात बसवून विंचरत आणि विंचरताना दिवसभराचं सगळं सांगत. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. दुकानामागच्या त्या दोन खोल्यांत त्यांचं ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि बंडल ऐकायचा मात्र मन लावून.

मुलगी जाताना म्हणाली होती, "बाबा, माझ्या घरमालकांना कुत्रा चालत नाही. तोवर तुम्ही सांभाळा. दुसरी जागा मिळाली की नेते त्याला."

मास्तरांनी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून मुलीला दुसरी जागा मिळू नये असं मनातल्या मनात म्हणू लागले. बापानं लेकीचं असं चिंतू नये. पण मास्तर चिंतत होते खरे, आणि वर प्रत्येक फोनवर "जागेचं काही जमलं का गं?" असं साळसूदपणे विचारतही होते.

या खेपेला हवा पालटली तशी बंडलची लोकर निघायला लागली. त्यात नवल काहीच नव्हतं. नवल पुढे होतं, कारण हवा पालटून स्थिरावली तरी केस गळायचे थांबेनात.

"मास्तर, बाकीच्या कुत्र्यांचा मोसम उरकलासुद्धा," शेजारचा चष्मेवाला एकदा म्हणाला. "तुमचं आपलं चालूच."

"हवा लहरी झालीय हल्ली."

"हवेवर काय ढकलता? शेपटी बघा त्याची. माझ्या चष्म्याची काडी बरी दिसते."

मास्तरांनी शेपटीकडे पाहिलं आणि लगेच हातातल्या काजाकडे पाहिलं. चष्मेवाल्याचा हा एक वाईट गुण होता, त्याला दिसायचं फार. शेपटी तर उघडी झालीच होती, पण दोन्ही कुशींवरचे केसही इतके विरळ झाले होते की खालची कातडी डोकावत होती. तरी मास्तरांनी एक मुद्दा घट्ट धरून ठेवला होता. कुत्रा खाजवत नाही, अंगावर पिसू नाही की गोचीड नाही, मग रोग कसला? मोसमच तो, जरा लांबलेला. सुस्तावलाय म्हणावं, तर वय झालं. इस्त्रीच्या टेबलाला चिकटून झोपतो म्हणावं, तर ऊब कुणाला आवडत नाही?

खरी भीती त्यांनी बंडललासुद्धा सांगितली नाही. रोग निघाला तर मुलीला कळवावं लागेल. मुलगी म्हणेल, तुम्हाला नाही जमत बाबा, मी नेते. आणि ती नेईल.

दर रविवारी मुलगी फोनवर तोंड दाखवायची आणि पहिला प्रश्न असायचा, "बंडल कुठाय?" चारदोन रविवार मास्तरांनी "आत्ताच झोपलाय" म्हणून निभावून नेले. मग त्यांनी असं काही केलं जे फक्त शिंप्यालाच सुचू शकतं. एका ओव्हरकोटातून उरलेलं तपकिरी लोकरी कापड काढलं, बंडलच्या अंगाला टेप लावला, छाती, पोट, पाठ अशी मापं घेतली आणि त्याला जाकीट शिवलं. आतून साटीनचं अस्तर, पोटाखाली हाडाची बटणं. उभ्या जन्मात इतकं सुबक ठिगळ त्यांनी दुसरं कशावर लावलं नसेल.

मुलगी हसून हसून बेजार झाली. "माझ्या फ्रॉकला कधी असलं अस्तर लावलं नाहीत तुम्ही."

"तू एका जागी उभी कुठे राहायचीस?" मास्तर म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना हायसं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. लाज त्यांनी तशीच गिळली.

काही दिवसांत जाकीट पोटाला काचायला लागलं. मास्तर बुचकळ्यात पडले, कारण त्यांच्या टेपनं आजवर दगा दिला नव्हता. त्यांनी शिवण उसवून आत दुमडून ठेवलेली जादा कापडाची माया सोडली. ते परत घट्ट झालं. मग बाजूंना पट्ट्या जोडल्या. बंडलचं खाणं होतं तेवढंच, उलट अर्धं ताटात राहत होतं.

एका सकाळी बंडल उठायला गेला आणि पोटाखालचं बटण टपकन तुटून खाली पडलं. ते परत लावायला मास्तरांनी जाकीट काढलं तेव्हा अस्तराला केसांचा थर चिकटून आला. दोन्ही कुशी साफ उघड्या. कातडी काळपट, जाडसर, हाताला गार. बंडलनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली टेकवली, जणू तेवढ्यानंही दमला. मास्तरांनी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि त्याला उचलून थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी जाकिटाचं अस्तर पाहून वाहवा केली आणि मग मास्तरांना फैलावर घेतलं.

"कधीपासून गळतायत?"

"मोसमापासूनच. म्हणून मला वाटलं..."

"मोसमात केस सगळ्या अंगावरून जातात, काका. खालची मऊ लोकर पुंजक्यांनी निघते, वरचे केस राहतात. कुत्रा विरळ दिसतो, पण उघडा पडत नाही. आणि जुने जातात तिथे खालून नवे आलेले असतात." त्यांनी बंडलच्या कुशीवरून बोट फिरवलं. "इथे गेले ते गेले. मागून कोणी आलंच नाही. आणि दोन्ही बाजूंना अगदी सारखं टक्कल. मोसम असं मापून काम करत नाही."

"पण तो खाजवत नाही हो."

"म्हणजे खरूज किंवा पिसवा बहुतेक नसतील. आजारच नाही असा अर्थ कुठून काढलात? खाणं वाढलंय का?"

"छे. खोटं कशाला सांगू, खातो कमी आणि जाकीट मात्र दोनदा सैल करावं लागलं."

बाईंचा हात थांबला. मग त्यांनी एकामागून एक विचारलं. झोपतो जास्त का, गरम जागा शोधतो का, फिरायला नाखूश असतो का. मास्तर प्रत्येक वेळी हो म्हणत गेले आणि प्रत्येक होबरोबर खुर्चीत थोडे खाली गेले. ज्याला ते वय म्हणत होते, ऊब म्हणत होते, मोसम म्हणत होते, ते सगळं एकच होतं.

रक्त तपासून आलं. थायरॉइड. गळ्यातली ग्रंथी काम करायची थांबली होती. "गोळी आता कायमची," बाई म्हणाल्या, "पण रोज दिलीत तर हा पुन्हा पळेल. केसही येतील, फक्त महिने लागतील. घाई करू नका. आणि हे जाकीट आता नको. झाकलं नसतंत तर तुम्हालाच आधी दिसलं असतं."

"दिसलं होतं," मास्तर म्हणाले. बाईंनी पुढे काही विचारलं नाही.

रविवार आला. मास्तरांनी फोन मशीनला टेकवून उभा केला आणि बंडलला होता तसा, उघडा, समोर बसवला. मुलगी हसत आली आणि हसू अर्ध्यावरच थांबलं.

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. मोसम, जाकीट, बटण, डॉक्टरीणबाई, गोळी. "तुला कळलं तर तू त्याला नेशील, म्हणून मी लपवलं," ते म्हणाले. "त्यात त्याचे हाल झाले. मला काही नीट जमलं नाही, बाळा. जागा मिळाली की घेऊन जा त्याला. मी नाही म्हणणार नाही."

"गोळी खातो का नीट?" तिनं विचारलं.

"केळ्यात घालून देतो. केळं खातो आणि गोळी थुंकतो. मग मी परत केळं आणतो."

"बाबा, माझ्या घरमालकांचे स्वतःचे दोन कुत्रे आहेत."

मास्तरांना काही उलगडा होईना. "मग?"

"मग काही नाही. कुत्रा चालतो इथे. पहिल्या दिवसापासून चालतो." ती म्हणाली. "आई गेल्यावर तुम्ही मशीनवर नुसते बसून असायचात. चाकावर हात आणि चाक बंद. मला ती नोकरी घ्यायची होती. त्यालाही आणायचं म्हटलं असतं, तर तुम्हाला तसं एकटं टाकून मला निघताच आलं नसतं. तुमच्या सोबतीला तो राहावा म्हणून मीच खोटं बोलले."

तिचा आवाज ओळखून बंडल उठला, सावकाश पुढे आला आणि त्यानं फोनला नाक लावलं. पलीकडे मुलीला बंडलच्या नाकाशिवाय दुसरं काही दिसेना.

"बाबा? आहात ना? रडताय का?"

"छे गं," मास्तर म्हणाले, "याचा केस गेला डोळ्यात."

"बरं," मुलगी म्हणाली. बंडलच्या अंगावर सध्या कुणाच्या डोळ्यात जाण्याइतके केस उरलेच नव्हते, हे फोनच्या दोन्ही टोकांना ठाऊक होतं.