वासंतीच्या नावाचं झाकण

मी एक जेवणाचा डबा. स्टीलचा, तीन पुडांचा. रविवार पेठेतल्या दुकानात वासंतीबाईंनी मला पारखून घेतलं आणि झाकणावर स्वतःचं नाव घालून घेतलं. पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्या नवऱ्याबरोबर, गोपाळकृष्ण सरांबरोबर, कॉलेजात गेलो. सर संख्याशास्त्राचे डॉक्टर. पण दाराला कुलूप लावलं की नाही, हे बघायला जिन्यातून परत फिरायचे.

सर निवृत्त झाले. वासंतीबाई गेल्या. मुलगा आमोद आयटीतल्या नोकरीसाठी अमेरिकेला निघाला, तेव्हा वडिलांना प्लॅस्टिकचे हलके डबे देऊन गेला. मी कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये माळ्यावर पडलो.

तिथून मला खाली आणलं ते शेजारच्या हेमाबाई साळवींनी. त्यांच्या चर्चचं ज्येष्ठ मंडळ दर महिन्याला एका शनिवारी सहल काढायचं.

"सर, खडकवासल्याला चला. घरात बसून भिंतींना शिकवताय का?"

"पण मी तुमच्यातला नाही हो."

"बसमध्ये जागा आहे. तेवढं पुरे."

सरांनी माझ्यात दोन पोळ्या आणि लोणचं ठेवलं. आपल्यापुरतं.

धरणाकाठी सतरंजी अंथरली, सगळ्यांचे डबे मधोमध उघडले. सरांना वाटलं, आता जेवायचं. त्यांनी घास तोंडात घातला आणि बाकीच्यांनी डोळे मिटले. प्रार्थना सुरू झाली! सर गाल फुगवून तसेच बसले. घास गिळवेना, काढवेना.

'आमेन' झाल्यावर मच्छिंद्रराव म्हणाले, "सरांचं देवानं आधीच ऐकलं वाटतं!"

सगळे हसले. सरही हसले; पण परतताना मला मांडीवर घट्ट धरून पुटपुटले, "पुन्हा नको."

घरी मला घासायला घेतलं आणि त्यांचा हात थबकला. माझ्यावर परकं झाकण होतं. त्यावर कोरलं होतं 'चंपा'. सर त्याच ओल्या हातांनी शेजारी धावले.

"खडकीच्या चंपाबाईंचं आहे," हेमाबाई म्हणाल्या. "पुढच्या सहलीला भेटतील. मी आणून देणार नाही हं. तुम्हीच या."

महिनाभर सर स्वतःशी वाद घालत होते. पुन्हा चुकलं तर? पुन्हा हसले तर? पण वासंतीचं नाव त्यांना परत हवं होतं. सहलीच्या दिवशी ते पहाटे उठले आणि जन्मात पहिल्यांदा बटाट्याची भाजी केली.

बसमध्ये चंपाबाईंनी पिशवीतून झाकण काढलं. रुमालात गुंडाळलेलं.

"मिसेसचं नाव ना? जपून ठेवलंय."

सरांनी झाकण शर्टाला पुसलं, माझ्यावर बसवलं. काम झालं होतं. बस अजून उभी होती. माझ्या कडीवरची त्यांची पकड सैल झालेली मला कळली.

"काय सर, उतरताय?" हेमाबाईंनी विचारलं.

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग कडी घट्ट धरली.

"छे. तिन्ही पुडं भरून आणलीत. एकट्याला संपायची नाहीत."

त्या दिवशी 'आमेन' होईपर्यंत त्यांनी डब्याला हात लावला नाही. चंपाबाईंनी भाजी चाखली.

"सर, मीठ?"

"बहुतेक विसरलो."

"बहुतेक नाही, नक्की," असं म्हणत त्यांनी आणखी वाढून घेतली.

आता मला पोचे आलेत, कडीही खडखडते. तरी सहलीच्या आदल्या संध्याकाळी सर मला ओट्यावर काढून ठेवतात. आमोद, तू आलास की मला माळ्यावर टाकू नकोस. आणि शनिवारी तू फोन केलास नि कुणी उचलला नाही, तर घाबरू नकोस, बाळा. आम्ही आमच्या माणसांबरोबर बाहेर गेलेलो असतो.