जावईबापूला चढलेला गंज

चाकूच्या पहिल्या पात्यावर, नख अडकवायच्या बारीक खाचेत, तेलाचा थेंब साचला होता. खाच घासून चकचकीत झाली होती. शेजारच्या पात्याचीही तशीच. कात्रीपर्यंत तेल नीट पोचलेलं होतं, मग ते विरळ होत गेलं. करवतीपाशी पोलाद करडं दिसत होतं आणि पार उजव्या टोकाला, भिंगाच्या कडेला, तांबूस गंज धरला होता.

लेकीने चाकू दोन्ही हातांनी उचलून खिडकीपाशी नेला. एका हातात मावणारी ती वस्तूच नव्हती. कारखान्याने आपली झाडून सगळी हत्यारं शेजारीशेजारी बसवून गंमत म्हणून हा खिशातला चाकू केला होता. त्याला खिसा शिवायचा तर पोतंच फाडावं लागलं असतं. वडिलांनी आयुष्यभर असले अवाढव्य चाकू जमवले, त्यांतला हा सर्वांत थोर. आई होती तोवर याला जावईबापू म्हणायची. कामाला हात लावायचा नाही, पण आठवड्याला तेल मात्र हवं.

तेल घालायची वडिलांची रीत ठरलेली. रविवारी सकाळी डावीकडून सुरुवात करायची. एका वेळी एकच पातं उघडायचं, थेंब सोडायचा, पुसायचं, मिटायचं, मग पुढचं. मधे कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही.

ती प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. गंज कसा वाढत गेलाय हे तिला वाचता येत होतं. वडील तेल घालायला बसत होते, कुठवर आलो ते विसरत होते आणि पुन्हा डावीकडून सुरू करत होते. एखाद्या रविवारी नव्हे. गंज एवढा चढायला महिने जावे लागतात.

धाकटा भाऊ फोनवर म्हणायचा, वयाने होतं असं, तू उगाच राईचा पर्वत करतेस. गॅस उघडा राहिला तेव्हा म्हणाला, माझाही राहतो. वडिलांच्या बोटांवर पट्ट्या दिसू लागल्या तेव्हा म्हणाला, चाकू जमवणाऱ्याला चाकू लागणारच. तिने ते मान्य केलं होतं. पुरावा अपुरा आहे, असं ती स्वतःला समजावत आली होती. खरं तर वडिलांच्या तोंडावर बोलायला तिची जीभ रेटत नव्हती.

दुपारी वडिलांचे चाकू जमवणारे जुने मित्र, दातकोरेकाका आले. हे त्यांचं आडनाव नव्हे. चाकू कोणाचाही असो, हातात आला की आधी त्याची दातकोरणी जागेवर आहे का ते बघायचे, कारण पहिली हरवते ती तीच. या मंडळींत पाहुणा आला की यजमानाने एकेक पातं न बघता उघडून दाखवायचं असतं. वडिलांनी सुरुवात केली. कात्रीपर्यंत गेले, थांबले, आणि पुन्हा पहिल्या पात्याला नख लावलं. मग पुन्हा एकदा. काका भिंतीकडे बघत राहिले.

शेवटी त्यांनी दातकोरणी बघतो म्हणून चाकू आपल्याकडे ओढला, आणि बोटाला तांबूस भुकटी लागली. ती वडिलांनीही पाहिली.

"कोणी हात लावला याला?" त्यांनी लेकीकडे बघितलं. "तू लावलास?"

काकांनी बोट पँटला पुसलं.

"माझ्याकडे नव्हता का दादा, प्रदर्शनाच्या वेळी? आमच्या घरात ओल फार. माझंच चुकलं."

चाकू या घराबाहेर कधीच गेला नव्हता.

वडिलांचा चेहरा निवळला. "तुला, मेल्या, वस्तू द्यायलाच नको. दातकोरणी तरी परत आणलीस ना?"

दोघे हसले. थाप चांगली होती. त्या थापेवर आणखी वर्षभर सहज निभावलं असतं, आणि भाऊही खूश झाला असता. वडिलांनी चाकू जवळ घेतला, पट्टी बांधलेलं बोट चाचपडत पहिल्या खाचेशी आणलं. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. तो थंड होता, तेलाने बुळबुळीत.

"बाबा, काकांनी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही विसरता. हे घर आपण बंद करतोय. तुम्ही माझ्याकडे राहायचं, आणि चाकू काका घेऊन जातील."