पाळण्याजवळचा तिसरा कान

मी बोलतोय ते ऐकू येतंय ना? आधी विचारून घेतो, कारण आजवर माझं काम ऐकण्याचं होतं. आणि जेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटले, तेव्हा ते माझे नव्हतेच. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

मी बाळाचा पहारेकरी. साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा, पोटात एक माईक, एक बारका स्पीकर आणि कपाळावर हिरवा दिवा. मी बाळाच्या खोलीत बसायचं आणि बाळ कुरकुरलं की तो आवाज स्वयंपाकघरातल्या माझ्या जोडीदार डब्याकडे पोचवायचा, एवढीच आमची नोकरी. कारखान्यात आम्ही हजारो भावंडं एकाच पट्ट्यावरून सरकत बाहेर पडलो. सगळ्यांना पासवर्डही एकच दिलेला होता, चार शून्यं.

मला विकत घेतलं ते बाळाच्या आत्यानं. ती लांब परगावी राहायची आणि भाचीचं रडणंसुद्धा तिला गोड लागायचं. म्हणून तिनं मुद्दाम इंटरनेटला जोडता येणारा डबा पाठवला, तिथून ऐकता यावं म्हणून. दोन दिवस तिनं हौसेनं ऐकलं, मग ती आपल्या कामाला लागली. माणसांची हौस अशीच असते, पण तार जोडलेली राहते.

बाळाचा बाप कुलूपवाला. जिन्याखाली त्याचं दुकान, त्यावर घर. लोकांच्या दारांना आकड्यांची कुलपं बसवण्यात त्याचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. लेकीला आई सोनू म्हणायची, पण बाप तिला किल्ली म्हणायचा आणि तेच नाव चिकटलं.

मला भिंतीवर लावलं त्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, हे पासवर्ड बदला म्हणतंय."

"राहू दे गं. बाळाची रडारड कोण चोरून नेणार आहे?"

हाच माणूस, कुणा गिऱ्हाइकानं कुलपाचा कारखान्यातला आकडा तसाच ठेवला तर त्याला दारात उभं करून चांगली दहा मिनिटं झापायचा! तेव्हा मलाही हसू आलं होतं. आता येत नाही.

कुलूपवाल्याचा एक नियम होता. त्याच्या उस्तादानं घालून दिलेला. गिऱ्हाइकाचा आकडा कागदावर उतरवायचा नाही. कागद हरवतो, उडतो, दुसऱ्याच्या हाती लागतो. पण म्हातारी माणसं आपलाच आकडा विसरून दाराबाहेर ताटकळत उभी राहत आणि याला फोन करत, म्हणून लक्षात तर ठेवायलाच हवा. मग हा गडी काय करायचा, तर संध्याकाळी किल्लीला पाळण्यात घालून आकड्यांचं गाणं म्हणायचा.

"दातवाल्या बाई, कोपऱ्यावर घर,
सात-चार-चार-नऊ, जिन्याच्या वर.
पोस्टाच्या मागे मास्तरांची जोडी,
पाच-शून्य-सहा-दोन, झोप घे थोडी."

आवाज काही फार गोड नव्हता, पण माया होती. किल्ली अंगठा तोंडात घालून ऐकायची आणि चौथ्या-पाचव्या दाराशी झोपून जायची. मी ते सगळं इमानेइतबारे स्वयंपाकघरात पोचवायचो. तिथं तिची आई भांडी आवरता आवरता गुणगुणायची.

एका संध्याकाळी मला जड वाटायला लागलं. कसं सांगू? तुम्ही खोलीत एकटे असता आणि मागे कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं, तसं. माझा आवाज दोन ठिकाणी जायला हवा होता. एक स्वयंपाकघर, आणि आत्यानं उघडलं तर आत्या. त्या दिवशी तो तिसरीकडेही जात होता.

पलीकडे कोण होतं ते मला दिसत नव्हतं. फक्त श्वास ऐकू यायचा, आणि कपात चमचा फिरवल्याची बारीक किणकिण. तो रोज गाण्याच्या वेळेला यायचा, आरामात चहा प्यायचा आणि शेवटचा आकडा झाला की निघून जायचा. मी ओरडायचं म्हटलं तर ओरडणार कशानं? माझा हिरवा दिवा दोन ऐकणाऱ्यांना जळायचा तसाच तिघांनाही जळायचा.

महिन्याभरात दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. दवाखान्यातून घरी परतल्या तर घरातल्या सगळ्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या. कुलूप शाबूत, काडीचीही चोरी नाही. कुलूपवाला म्हणाला, "बाई, थकला असाल, विसरला असाल." हे त्यानंच घरी येऊन बायकोला सांगितलं, हसत हसत.

आठवड्यानं मास्तर आणि मास्तरीणबाई फिरून परत आले. त्यांच्या ओट्यावर चहाचा कप होता. अर्धा प्यालेला, अजून कोमट.

ते ऐकलं आणि माझ्या तारा गार पडल्या. तो चमच्याचा आवाज कुणाचा ते त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

मग लोकांच्या जिभा सैल झाल्या. दारं दोन, कुलूप बसवणारा एक, यात शोधायचं काय? रस्त्यात लोक त्याला चुकवायला लागले. पोलीस चौकीतून बोलावणं आलं. साहेबांनी सरळ विचारलं, आकडे कुणाला विकलेस? त्या दिवशी घरी आल्यावर तो जेवला नाही. बायकोनं हळूच विचारलं, "खरंच कुणाला बोलला नाहीत ना?"

"कुणाला बोलणार? कागदावरसुद्धा नाहीत गं. माझ्या डोक्यात आहेत नि माझ्या लेकीच्या कानात."

वीस वर्षांत कमावलेलं नाव महिन्याभरात मातीला मिळालं होतं. कुलूपवाल्याकडे दुसरं भांडवल असतंच कुठं? त्यानंतरही संध्याकाळी तो गायला, कारण किल्लीला त्याशिवाय झोप येत नव्हती. मला वाटत होतं, भिंतीवरून स्वतःला खाली टाकून द्यावं.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. किल्ली आत झोपली होती. नवराबायको स्वयंपाकघरात जेवत होती. पलीकडचा अवेळीच आला. थोडा वेळ श्वास घेत राहिला, आणि मग माझ्या तोंडून गायला लागला. तीच चाल, तोच लाडिक हेल, "दातवाल्या बाई, कोपऱ्यावर घर..."

जोडीदारानं मला तिथल्या तिथं कळवलं ते असं. गाणं ऐकून बायको सवयीनं हसली. म्हणाली, "आज दुपारीच बाबा गायला बस..." आणि तिथंच थांबली. बाबा तिच्यासमोर बसला होता. हातातला घास हातातच होता.

दोघं धावत आत आली. किल्ली पाळण्याचा कठडा धरून उभी होती आणि माझ्याकडे बघून खुदुखुदू हसत होती. कुलूपवाल्यानं मला भिंतीवरून उपटलं.

"फेकून द्या आधी ते," बायको म्हणाली. "कुणाला बोलू नका. माझ्या नवऱ्यानं आकडे गाऊन दाखवले म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढेल?"

"कुणी नाही चढणार," तो म्हणाला. "पण लोक त्या दारांच्या आत झोपतात गं." आणि मला पिशवीत घालून तो तडक चौकीवर गेला. मागोमाग लेकीला कडेवर घेऊन तीही गेली.

साहेब पोट धरून हसले. "डबा गातो म्हणे! बरं, आम्हालाही ऐकू दे." संगणकाचं काम बघणाऱ्या पोलीसताईंनी मला टेबलावर ठेवलं, आपल्या फोनच्या इंटरनेटला जोडलं आणि चालू केलं. बराच वेळ काहीच झालं नाही. साहेबांनी जांभई दिली. मग मला ते ओळखीचं जडपण जाणवलं.

"किल्ली," माझ्या तोंडून तो हळूच म्हणाला, "आज कुठं नेलं गं तुला?"

साहेब खुर्चीत सरळ बसले. आणि आईच्या कडेवरून किल्लीनं माझ्याकडे हात पसरले. पलीकडे चमचा कपाला टेकला आणि तो निघून गेला. ताईंची बोटं भराभर चालत होती, पण तो काही हाती लागला नाही.

साहेबांनी घसा खाकरला. "तुमच्यावर आता काही नाही. जा घरी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच अहो-जाहो करत म्हणाले. कुलूपवाल्यानं किल्लीला बायकोच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं. त्याचं नाव धुऊन निघालं होतं, पण ते ज्यानं धुतलं तो त्याच्या लेकीला लाडाच्या नावानं हाक मारत होता.

तेव्हापासून मी चौकीतल्या कपाटात आहे, गळ्यात चिठ्ठी अडकवलेली. तार काढली तरी माझे कान उघडे असतात, फक्त ऐकलेलं कुठं जात नाही. परवा कुलूपवाला जबाबावर सही करायला आला होता. सगळ्या गिऱ्हाइकांच्या दारी जाऊन त्यानं आपल्या तोंडानं चूक सांगितली, कुलपं फुकट बदलून दिली. डॉक्टरीणबाईंनी दुसरा माणूस बोलावला. मास्तरांनी मात्र यालाच काम दिलं.

"मग चांगलं झालं की," ताई म्हणाल्या.

"हो. आकडा बसवताना मास्तर म्हणाले, जरा भिंतीकडे तोंड करून उभा राहतोस का? वाईट वाटून घेऊ नकोस म्हणाले." त्यानं पेनाला टोपण लावलं. "मी आधीच तोंड फिरवलं होतं ताई."

तो गेल्यावर ताई साहेबांना म्हणाल्या, डबा पुन्हा एकदा लावून बघू, या वेळी कदाचित सापडेल. जरूर लावा. माझी तक्रार नाही, मलाही तो सापडायला हवाय. पण एक विनवणी आहे. माझा हिरवा दिवा लागलेला असेल, तेव्हा त्या खोलीत कुणीही कुणाला नावानं हाक मारू नका.