देव्हाऱ्याखालची डबी

ऐक ना, आधी तो चहा खाली ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये बोललीस तर मी अर्ध्यातच उठून जाईन.

परवा सकाळी आमच्या पेंगहू बेटाच्या धक्क्यावर दोनेकशे माणसं जमली होती. मासळीचा लिलाव टाकून! मध्ये टेबल, टेबलावर वेनलुंग तांडेलच्या बोटीतलं जुनं होकायंत्र, आणि भोवती ह्वांग गुरुजी उघड्या अंगानं घुमतायत. अंगात आलेलं. तोंडात सुपारी, लाल थुंकी हनुवटीवरनं छातीवर ओघळतेय, आणि दोन बायका ती थुंकी रुमालानं टिपून घेतायत. प्रसाद म्हणून!

"तळाला पडलेल्या म्हाताऱ्या, बोल!" गुरुजी ओरडले. "तुझी बोट कुणी विटाळली? काटा वळव!"

हातातलं काळं निशाण गरकन फिरवलं, त्याच्या काठीची मूठ होकायंत्राजवळ नेली, आणि अगं, काटा थरथरला, वळला आणि थांबला. बरोब्बर न्हुंगसमोर.

न्हुंग म्हणजे वेनलुंगची बायको. व्हिएतनामची. सहा वर्षं इथं आहे, चार वर्षांची मुलगी आहे. गुडघ्यावर बसवलेली, पुढ्यात शुद्धीसाठी राखेचं पाणी, शेजारी तिचीच बॅग भरून ठेवलेली. दुपारच्या फेरीबोटीनं तिला बेटाबाहेर काढायचं ठरलं होतं. मुलगी मात्र सासूकडे राहणार.

गुन्हा काय? महिन्याभरापूर्वी दोरी सुटून बोट धक्क्यावर आपटत होती, तर हिनं उडी मारून ती बांधली. म्हणजे पाण्यातल्या बोटीवर बाईचा पाय पडला! आमच्याकडे ते चालत नाही, तुला माहितीये. बोट वर ओढलेली असली तर मीसुद्धा आत जाऊन वायरी जोडते. पाण्यात उतरली की मी धक्क्यावर उभी राहून फोनवर ओरडते आणि आत तांडेल बटणं दाबतो.

नंतर पंधरा दिवसांत काय झालं, तर वेनलुंगची बोट परत येताना तीनदा उजवीकडे ओढली गेली. उजवीकडे काय? तो काळा कातळ, जिथं त्याचा बाप बुडाला. तिसऱ्यांदा तर ऑटोपायलटवर बोट सोडून सगळे माकूळ मासळी निवडत बसले होते. खोली मोजणाऱ्या सोनारनं चार मीटरवर बोंब ठोकली म्हणून वाचले. ऑटोपायलट म्हणत होता सरळ उत्तर, आणि बोट चालली होती कातळावर.

आणि ती सगळी यंत्रं त्या उडीनंतर दोनच दिवसांनी बसवली होती मी.

त्यानं मला फोन केला होता, बरं का. मी नेहमीचे प्रश्न विचारले. उपग्रहाची जागा बरोबर? बरोबर. सोनार? ठीक. मग उरली दिशा ओळखणारी डबी. ती मी देव्हाऱ्याखाली बसवली होती. का सांगू? अख्ख्या केबिनमध्ये तेवढी एकच जागा असते जिथं कुणी पाना, सुरी, पत्र्याचा डबा ठेवत नाही. डबीजवळ लोखंड नको ना.

"डबीजवळ काही नवीन ठेवलंय का, तांडेल?"

"छे गं. तिथं फक्त देव."

आणि मी सोडून दिलं! देव म्हणजे वस्तू थोडीच, असं माझ्याही डोक्यात. वर दोन दिवसांनी कळलं की हे भूत आहे, बापाचा आत्मा ओढतोय. तर खरं सांगते, मला हायसं वाटलं. चला, माझ्या कामाची चूक नाही. आता आठवलं की स्वतःचीच किळस येते.

तर धक्क्यावर. गुरुजी दुसऱ्यांदा घुमले. या वेळी मी मूठ बघत होते. मूठ डावीकडे, काटा डावीकडे. मूठ पलीकडे, काटा पलीकडे. पाप एकाच जागी गुडघ्यावर बसलेलं, आणि काटा आपला मुठीच्या मागे मागे, शेपूट हलवत!

मग बोटीतली माझी डबीही अशीच कशाच्या तरी मागे वळत असेल तर? मी ओरडले, "तांडेल, देव्हाऱ्यात देवाशिवाय काय आहे?"

"काय असणार? गुरुजींचा ताईत. नवी यंत्रं बसली तेव्हा त्यांनी स्वतः खिळा ठोकून टांगला."

"तो जरा काढून बघ ना."

गुरुजींच्या अंगातला देव एकदम ताळ्यावर आला. "हात लावशील तर रक्त ओकशील! शिवलेला ताईत उसवणाऱ्याचा वंश बुडतो. आणि ही पोरगी कोण? वायरी विकणारी! वीज कळते हिला, आत्मा कळतो का?"

"आत्मा नाही कळत गुरुजी, पण तुम्ही घाबरलात ते कळतंय."

वेनलुंग बोटीवर, केबिनच्या दाराशी खांबासारखा उभा. सासू म्हणाली, "नको रे बाबा, हात नको लावू." मी पुढे सरकले आणि धक्क्याच्या कडेला थांबले. पाय उचलेना. मीच यंत्रं बसवणारी, आणि माझाच पाय उचलेना!

उठली ती न्हुंग. राखेचं पाणी लाथेनं उडवलं. "मला तर हाकललंच आहे. आणखी काय करणार?" म्हणाली, आणि सगळ्यांदेखत बोटीवर उडी मारली. गर्दी 'हाय हाय' करून मागे सरली.

"वेनलुंग, आकडा वाच," मी म्हटलं.

बोट धक्क्याला समांतर बांधलेली, तोंड धक्क्याच्या टोकाकडे. आमचा धक्का सरळ उत्तरेला जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे पडद्यावर शून्य हवं.

"तीनशे अठरा."

न्हुंगनं ताईत हिसकावून काढला. एक पाऊल मागं.

"तीनशे एकोणचाळीस." त्याचा आवाज चिरकला. "तीनशे अठ्ठावन्न."

ती बोटीच्या शेपटापर्यंत गेली.

"शून्य."

मग न्हुंग धक्क्यावर आली. तिथं लोखंडी गळांचा डबा उघडा होता. तिनं ताईत त्याच्यावर धरला आणि खळ्कन् पंचवीस-तीस गळ उडून त्या लाल कापडाला चिकटले. साळिंदर झालं नुसतं! मी सुरीनं कापड फाडलं. आत मंत्र नाही, कागद नाही. फुटक्या स्पीकरमधलं जाड गोल लोहचुंबक. निशाणाची मूठ फोडली, तर तिच्यातही तसंच, फक्त छोटं. गुरुजी दहा वर्षं बोटींवर खलाशी होते, डबीजवळ काय ठेवायचं नाही हे त्यांना पक्कं माहीत. आधी बोट वाकडी करायची, मग दक्षिणा घेऊन भूत काढायला आपणच यायचं. कातळावर पाच माणसं मेली असती, तरी म्हणाले असते, बाईचा पाय नडला.

आणि लोक काय म्हणाले असतील? एक म्हातारा म्हणतो, "ताईत खोटा असेल, भूत खरंच असणार." दुसरा गुरुजींना पाणी देतोय! ते "देवानं तुमची परीक्षा घेतली" असं पुटपुटत स्कूटरवर बसून सटकले. कुणी अडवलं नाही. मी पोलिसांत तक्रार दिलीय, साक्षीला सध्या मी आणि न्हुंग.

तुला एक सांगते. देवाला हात जोडायचे तर जोड, माझी आईही जोडते. पण आकडा चुकला तर आधी यंत्राजवळ काय आहे ते बघ. देव्हारा असला तरी बघ. 'हात लावू नको' असं कुणी म्हटलं, तर तिथंच आधी हात लाव. आणि दोष काढायला सगळ्यात दुबळं माणूस ज्याला पहिल्या झटक्यात सापडतं, त्याच्या मुठीत काय आहे ते तपास.

तर त्या दुपारी फेरीबोटीचा भोंगा झाला. वेनलुंगनं बॅग उचलली. "चल, घरी जाऊ."

न्हुंगनं त्याच्याकडे पाहिलं. "हे चुंबक सापडलं नसतं तर तू मला चढवून दिलं असतंस?"

तो चपलेनं माकळाची चिकट कातडी खरवडत राहिला. तिनं बॅग काढून घेतली, सासूच्या हातातून मुलीचा हात सोडवला, आणि बाजारातल्या मैत्रिणीच्या शेवयांच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेली.

काल तो माझ्याकडे आला होता. डोळे सुजलेले. म्हणे, "तुझं ती ऐकेल. समजाव तिला, आता सगळं नीट झालंय."

मी अजून गेलेली नाही. तू माझ्या जागी असतीस तर गेली असतीस का तिला समजवायला?