सांबारभाताची संमती

त्रिपुरसुंदरीबाईंनी गेल्या अठ्ठावीस वर्षांत एकही संकष्टी चुकवली नव्हती. चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय पोटात काही नाही, आणि उपासाच्या दिवशी बाहेरचं शिजवलेलं अन्न हातातसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आवाज इतका हळू, की गजरेवालीला थांबवायचं तर शेजारचा पिठाच्या गिरणीवाला वेंकट त्यांच्या वतीनं ओरडायचा. घराणं तंजावरचं, मराठी घरापुरतं. चेन्नईच्या त्या पिळ्ळैयार कोविल तेरूवर, म्हणजे गणपतीच्या देवळाच्या गल्लीत, त्या सगळ्यांच्या 'मामी' होत्या.

सोमवारी सकाळी त्यांच्या दाराशी अमोघ नावाचा तरुण आला. मेट्रोच्या कामासाठी लोकांची मतं गोळा करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत तो होता. पुण्याहून येऊन त्याला वर्ष झालं होतं. दारावरची मराठी पाटी बघून तो खुलला.

"आजी, आपल्यातल्या म्हणून सांगतो. गल्लीतल्या सव्वीस घरांपैकी पंचवीस जणांनी सही केलीय. तुमची तेवढी राहिली."

"कसली रे सही?"

"संमतीची. स्टेशनचं दार तुमच्या बाजूच्या आठ घरांच्या जागेवर येणार ना, त्याला गल्लीची हरकत नाही म्हणून."

त्या आठांत तिसरं घर मामींचं होतं. दोन वर्षांपूर्वी लावलेल्या नकाशात हेच दार कोपऱ्यावरच्या लग्नमंडपाच्या मोकळ्या पटांगणात होतं. मंडप कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, नाव कुणी घेत नव्हतं. मग नवा नकाशा आला आणि दार पटांगणातून उठून त्यांच्या घरांवर येऊन बसलं.

मामींनी चष्मा लावून कागद पाहिले. रेल्वेच्या ऑफिसात चौतीस वर्षं त्यांनी हजेरीपत्रकं तपासली होती. वरच्या पानावर टाईप केलेली संमती होती, आतल्या पानांवर नावं आणि सह्या. प्रत्येक सहीपुढं एक तमिळ अक्षर होतं, कुठं 'सा', कुठं 'त'. फक्त त्यांच्या नावापुढं काही नव्हतं.

"ही अक्षरं कसली?"

"ती आमची ऑफिसची खूण आहे."

मामींना मागच्या महिन्यात मंडपात झालेली मेट्रोच्या माहितीची बैठक आठवली. दाराशी टेबल, टेबलावर जेवणाची पाकिटं. एक मुलगी प्रत्येकाला विचारत होती, सांबार साद की तयिर साद? म्हणजे सांबारभात की दहीभात. पाकीट घ्या, इथं सही करा. त्या दिवशी संकष्टी होती. मामी हात जोडून पुढं गेल्या होत्या.

त्यांनी कागद परत दिले. "गुरुवारी मंडपात भूसंपादनाची सुनावणी आहे ना? तिथं बोलते."

"तिथं तुमचा आवाज ऐकू तरी येईल का, आजी? एका घरासाठी शहराची मेट्रो अडवणार?"

"मेट्रो येऊ दे की. माझी नात रोज अण्णा नगरहून मेट्रोनंच येते. दार कुणी हलवलं, एवढंच विचारायचंय."

संध्याकाळी त्या गिरणीत गेल्या. "वेंकटा, सही कशावर केलीस?"

"सांबार सादावर, मामी," वेंकट ओशाळून म्हणाला. "वरचं पान होतंच कुठं तेव्हा? आता काय, सही गेली, घर गेलं."

"घर कसं जाईल? जेवलास, तेवढंच झालं. मी सांगते ते गुरुवारपर्यंत सगळ्यांना सांग."

गुरुवारी परत संकष्टी आली. मंडपाच्या दाराशी पुन्हा टेबल, पुन्हा पाकिटं, पुन्हा सह्यांचे कागद. पण सव्वीस घरांतली माणसं एकामागून एक हात जोडून पुढं गेली. तुपाचा वास आला तसा वेंकट पुटपुटला, "आज वडासुद्धा आहे, मामी. काय दिवस निवडलात." पण थांबला नाही. पाकिटांचा ढीग तसाच राहिला.

भूसंपादनाच्या अधिकारीबाई कडक होत्या. अमोघनं कागद पुढं ठेवले आणि गल्लीची संमती असल्याचं सांगितलं. मामी उभ्या राहिल्या. त्या बोलायला लागल्या तसे पंख्याखाली कुजबुजणारे गप्प झाले, कारण ऐकायचं तर गप्प बसणं भाग होतं.

"मॅडम, सहीपुढं 'सा' आहे तो सांबार साद, 'त' आहे तो तयिर साद. ही जेवणाची यादी आहे. वरचं पान मागून लावलंय."

"हे कॅटेगरीचे कोड आहेत," अमोघ म्हणाला.

अधिकारीबाईंनी पान उलटलं. सहावं नाव वाचून दाखवलं. "या कोण? काय घेतलं होतं?"

मागून एक बाई उठली. "मी. तयिर साद, मॅडम. लोणचं दिलं नव्हतं."

मंडप हसला. सहाव्या नावापुढं 'त' होता. बाईंनी आणखी चार नावं विचारली. एकही चुकलं नाही.

"आणि यांच्यापुढं कोरं का?"

"त्यांनी नकार दिला," अमोघ घाईनं म्हणाला.

"नकार नव्हता दिला, उपास होता," मामी म्हणाल्या. "नकार आज देते."

अधिकारीबाईंनी कागद फाईलमध्ये ठेवले. "चौकशी होईल. पुढची तारीख कळवू."

"तारीख नको, मॅडम. ही संमती नाही, असं आज लिहून द्या. आणि दार मंडपाच्या जागेतून कुणाच्या सांगण्यावरून निघालं, हा आमचा प्रश्नही त्यात लिहा."

"असं बसल्या जागी होत नाही, अम्मा. सात वाजता हॉल बंद करायचाय."

"आज चंद्र उगवायला नऊला दहा कमी आहेत," मामी म्हणाल्या. "तोवर मला घरी जाऊन चूल पेटवायची नाही." आणि त्या खुर्चीत बसल्या, पदर सावरून, देवळात बसाव्यात तशा.

उभा असलेला वेंकट त्यांच्या शेजारी बसला. मग दहीभातवाली बसली. दाराकडं निघालेले परत फिरले. खुर्च्या सरकल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

अधिकारीबाईंनी घड्याळ पाहिलं, दाराजवळच्या पाकिटांच्या ढिगाकडं पाहिलं, आणि कोरा कागद मागवला.

चार ओळी लिहून त्यांनी तो सहीसाठी मामींपुढं सरकवला. मामींनी हातात पेन घेतलं नाही.

"आधी मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या, "पहिल्या ओळीपासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग सही करते."