तारेवरच्या जोड्या

सिरिएलनं सायकलचं तिसरं हँडल खुंटीवरून काढून वेर्लाच्या हातात दिलं.

"हे मधल्यापेक्षा टोकांना चार बोटं उचललेलं आहे. मघाचं दोनच बोटं होतं."

वेर्लानं ते छातीपुढं आडवं धरलं आणि दुकानाच्या काचेत स्वतःकडे पाहिलं.

"हे लावलं तर लोक मला थांबवून आइस्क्रीम मागतील."

"मग विक. पार्सलं वाहण्यापेक्षा बरं चालतं."

ती हसली, पण हँडल खाली ठेवलं नाही. तिचं जुनं हँडल सरळ आणि आखूड होतं, त्यावर वाकून तिनं अठरा वर्षं गेंट शहरभर पार्सलं पोहोचवली होती. तिच्या सायकलला एकच गिअर, आणि तोही चाकाला जखडलेला. चाक फिरतंय तोवर पायडलं फिरणारच, पायांना उसंत म्हणून नाही. वेग आवरायचा तो पायांनी आणि हातांनी, त्यामुळे असल्या सायकलवर हँडलशी भांडण परवडत नाही. गेल्या वर्षी ट्रामच्या रुळात चाक अडकून ती पडली, डाव्या खांद्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून जुन्या हँडलशी तिचं रोजचं भांडण सुरू झालं होतं.

हाड जुळलं, असं ती सगळ्यांना सांगायची. ते खोटं नव्हतं. फक्त दोन टोकं एकमेकांवर चढून जुळली होती, म्हणून डावा खांदा आखूड झाला होता आणि सदरा त्या बाजूनं घसरायचा. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्षभर ती पार्सलवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या कचेरीत फोनवर बसून इतरांना पत्ते सांगत होती, आणि त्या खुर्चीचा तिला मनापासून वीट आला होता. उद्या सकाळी संस्थेतला जुना सायकलस्वार बाव्हो दोन तास तिच्या मागून सायकल चालवणार होता. कुणालाही रस्त्यावर घ्यायचं तर बाव्हो आधी मागून बघतो, हा तिथला रिवाज. तिला पुन्हा पार्सलं मिळणार की ती फोनवरच राहणार, हे तो दोन तासांनंतर सांगणार होता. 'मागून बघितलं की माणसाचं सगळं कळतं,' असं तो नेहमी म्हणायचा, आणि वेर्लाला नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

"हेच दे," ती म्हणाली. "चोपन्न सेंटिमीटरवर काप. दोन्हीकडून सारखं."

"चोपन्न कुणी सांगितलं?"

"मीच. ट्राम आणि उभ्या गाड्यांच्या मधून जाता आलं पाहिजे."

"कापलेलं परत चिकटत नाही, बाई. आडवी हो."

त्यानं फरशीवर खडूची एक सरळ रेघ ओढली आणि खडूच्या भुकटीचा डबा तिच्यापुढं सरकवला. ही त्याची जुनी पद्धत होती. तळव्यांना भुकटी लावायची, रेघेवर नाक ठेवून पालथं पडायचं, डोळे मिटायचे आणि जोर काढायचे. आपोआप जिथं हात पडतील तिथं हँडलच्या मुठी बसवायच्या. वेर्लानं डोळे फिरवले, पण पालथी पडली.

"माझं वय ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. तीनच काढ."

तिसऱ्या जोराला डावा दंड थरथरला. ती उठून, हात झटकून, सदरा खांद्यावर सारखा करेपर्यंत सिरिएलनं रेघेपासून दोन्ही ठशांपर्यंत फूटपट्टी लावली होती, पेन्सिलीनं हँडलवर दोन खुणा केल्या होत्या आणि ओल्या फडक्यानं फरशी पुसूनही टाकली होती.

"किती आलं?"

"चोपन्नच्या आसपास."

त्यानं हँडल शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि पाइप कापायचं चक्र एका टोकाला लावून फिरवू लागला. पातळ चिरक्या आवाजानं वेर्लाच्या दातांत कळ गेली. एक तुकडा टणकन पडला, मग दुसरा. त्यानं कडा कानशीनं घासल्या, मुठी चढवल्या, एकुलता एक ब्रेक बसवला आणि सायकल तिच्यापुढं उभी केली.

"पुलापर्यंत जाऊन ये."

फरसबंदीवरून ती पुलापर्यंत गेली. वर्षभर कचेरीत जाता-येता तिची सायकल उजवीकडं ओढायची, म्हणून ती नकळत सतत डावीकडं झोंबत असायची. आज झोंबावं लागलं नाही. तिनं पायांनी वेग धरला, सोडला, पुन्हा धरला. खांदा बोलत होता, पण ओरडत नव्हता. पुलावर ती थांबली नाही, तशीच वळून परत आली. तिला इतका आनंद झाला होता की दारातल्या पायरीला पुढचं चाक धडकलं.

"बरं चाललंय का?" सिरिएलनं विचारलं.

"बरं? अरे, सरळ जातेय ती!"

"मग तुकडे बांध तुझे."

दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक लांब तार होती. ज्यानं त्यानं आपल्या हँडलचे कापलेले दोन तुकडे सुतळीनं जोडून, नाव लिहून तिथं टांगायचे. दार उघडलं की तार हलकेच किणकिणायची. वेर्लानं शेगड्याजवळचे तुकडे उचलले, शेजारी शेजारी धरले, आणि तिचा चेहरा उतरला. डावा तुकडा चांगला बोटभर मोठा होता.

"सिरिएल, तू चुकलास. हे सारखे नाहीत."

तो कानशीवरची भुकटी झाडत राहिला.

"मी सारखं सांगितलं होतं. उद्या बाव्हो मागून बघणार. वाकडं हँडल त्याला लगेच दिसेल!"

"आत्ता सरळ जात होती म्हणालीस."

तिचे कान तापले. त्याला खांद्याचं कळलं होतं तर, आणि त्यानं एक अक्षर काढलं नव्हतं. तुकड्यांवर नाव लिहून ती तारेपाशी गेली आणि जागा शोधण्यासाठी संस्थेतल्या योकेची जोडी बाजूला सारली. मग थांबली. योकेचे तुकडेही सारखे नव्हते, उजवा जरासा मोठा होता. तिनं पुढची जोडी हातात घेतली. मग त्यापुढची. वानेसचे जवळजवळ सारखे होते, अगदी नखभर फरक. ज्या तुकड्यांखाली उभं राहून तिनं इतकी वर्षं कॉफी प्यायली, ते तिनं कधी नीट पाहिलेच नव्हते. ती एकेक जोडी जुळवत तारेच्या टोकापर्यंत गेली.

शेवटच्या जोडीवर ठसठशीत अक्षरांत बाव्होचं नाव होतं. त्या दोन तुकड्यांत चांगला दोन बोटांचा फरक होता. तिनं ते उलटसुलट करून पुन्हा जुळवले, फरक तेवढाच राहिला.

"याला काय झालं होतं?"

"मला काय ठाऊक? तो जोर काढत होता, मी मोजत होतो."

नऊ वर्षं वेर्लानं बाव्होच्या मागून सायकल चालवली होती. पावसात, बर्फात, बाजाराच्या गर्दीत. तिला कधी काही दिसलं नव्हतं. तिनं आपली जोडी त्याच्या जोडीशेजारी बांधली आणि सुतळीची गाठ दोनदा ओढून पाहिली.

"उद्या नऊला ना?" सिरिएलनं विचारलं.

"नऊला." ती सायकलकडं वळली. "पण एकच तास त्याला मागून येऊ देणार. दुसऱ्या तासाला म्हणणार, बाबा, आता तू पुढं हो."

"ते कशाला?"

"मलाही बघायचंय," वेर्ला म्हणाली.