रुचीच्या अंगातली देवी

रुचीचं काळीज कधीही उधळायचं. वर्गात, जेवताना, जिना चढताना, काही कारण नसतानासुद्धा. धडधड सुरू झाली की हातपाय गार पडायचे आणि पप्पा आठवायचे, शेवटच्या दिवशी छातीवर तळवा दाबून बसलेले. मोबाइलला विचारलं, तर त्यानं एका बैठकीत अर्धा डझन रोग चिकटवले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! अकरावीतल्या पोरीनं मनाशी ठरवूनच टाकलं की पप्पांसारखंच आपलंही होणार. घरात बोलायची सोय नव्हती. छातीचं नाव काढलं की आईचा, म्हणजे नीतूचा, चेहरा पांढरा पडायचा.

शेवटी रुची देवासला शाळेतच चक्कर येऊन पडली, टीचरनं फोन केला आणि बिंग फुटलं. नीतूनं मुकाट्यानं इंदूरच्या हृदयाच्या डॉक्टरकडे नंबर लावला. नवरात्रात धारला मालनआत्याकडे जायचंच होतं, येताना इंदूरला उतरून दाखवायचं ठरलं. रुचीला हायसं वाटलं. काय असेल ते असो, कुणीतरी छातीला नळी लावून ऐकणार तरी होतं.

मालनआत्या ही पप्पांची थोरली बहीण. बाई मायेची, पण तिच्यापुढे कुणाला बोलायला मिळालं तर शपथ! भावाचं वर्षश्राद्ध झाल्यावरचे हे पहिले घट, म्हणून तिनं गल्लीभरच्या बायका बोलावल्या होत्या. देवघरात धूप कोंडला, झांजा वाजू लागल्या आणि आरतीच्या मध्येच रुचीचं काळीज उधळलं. अंग थरथरलं, घाम फुटला, श्वास पुरेना तसा घशातून हुंकार निघाला. ती मटकन खाली बसली.

"अरे, झांजा थांबवा! पोरीला देवी आली!" आत्या ओरडली. "आमच्या आजीच्या अंगात यायची. तीच आली, तीच!"

रुची "पाणी" म्हणाली, ते कुणी ऐकलंच नाही. पोर आगीतून उठून फुफाट्यात पडली. कपाळभर मळवट भरला गेला, मांडीवर नारळ आला. कालपर्यंत "किती वाळलीस गं" म्हणणाऱ्या बायका तिच्या पायावर डोकं टेकू लागल्या. कुणी मुलाच्या नोकरीचं विचारलं, कुणी सुनेच्या कुशीचं. रुची डोळे मिटून बसली होती. श्वास हळूहळू जागेवर येत होता. आता सांगून टाकायचं, तिनं ठरवलं. मी देवीबिवी नाही, मला बीमारी आहे, मला डॉक्टरकडे न्या.

तेवढ्यात नीतू पुढे आली. विधवा म्हणून ती आरतीला दाराशीच थांबली होती. तिनं पोटच्या पोरीपुढे पदर पसरला.

"आई, एकच विचारते. त्या दिवशी हे म्हणाले, छातीत दुखतंय. मी म्हटलं, सेव जास्त खाल्ली, गॅस झाला असेल, ओवा घ्या आणि पडा जरा. मीच पडा म्हटलं, आई. तेव्हाच हॉस्पिटलला नेलं असतं तर... हे नाराज आहेत का माझ्यावर?"

रुचीला हे ठाऊक नव्हतं. मम्मी रात्र रात्र का जागते, ते तिला आत्ता कळलं. एका वाक्याचं काम होतं: मम्मी, मी रुची आहे. पण मग मम्मीनं हा प्रश्न पुन्हा कुणाला विचारला असता?

"नाही," रुची म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तो नाराज नाही. तुझी काही चूक नाही. झोपत जा आता."

नीतूनं हंबरडा फोडला. नवरा गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये रुचीनं हळूच विचारलं, "मम्मी, इंदूरला उतरायचंय ना?"

"आता डॉक्टर कशाला गं? कळलं ना काय आहे ते! वन्सं म्हणाल्या, सुयाबिया टोचल्या तर देवी कोपेल." नीतू हसली. किती दिवसांनी हसली होती ती.

इंदूर आलं. माणसं उतरली, नवी चढली. ती देवी नव्हती, मम्मी, एवढंच सांगायला रुचीनं तोंड उघडलं. नीतू तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, तोंड किंचित उघडं, लहान मुलीसारखी. बस देवासच्या रस्त्याला लागली तेव्हा रुचीचं काळीज पुन्हा धावायला लागलं. तिला भीती वाटत होती, फार भीती वाटत होती. मम्मी जागी होऊ नये म्हणून तिनं खांदा हलू दिला नाही.